उजव्या पायाची भीती

डेपोत त्याला सगळे 'लोणी' म्हणायचे. कुणाला लोणी लावण्यातला तो मुळीच नव्हता. साहेबांसमोर तर त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. नाव पडलं ते त्याच्या गाडी चालवण्यावरून. शहर बसच्या स्टिअरिंगमागे त्याची हयात गेली होती, आणि त्याच्या बसमध्ये उभी असलेली माणसं दांडा न धरता वर्तमानपत्र वाचायची. सिग्नल लांबून दिसला की तो वेग असा उतरवत आणायचा, की बस थांबली हे लोकांना दार उघडल्याच्या आवाजावरूनच कळायचं. कंडक्टर म्हणायचे, याच्या गाडीवर ड्यूटी लागली की तिकिटं देता देता डुलकी लागते.

अशा माणसाच्या बसखाली एका सकाळी पाववाला आला. आला म्हणजे, येता येता राहिला.

बेकरीच्या रस्त्यावर फुटपाथला लागून दोन गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या मधल्या फटीतून पाववाल्याची सायकल बाणासारखी बाहेर आली, मागे पावांची भली मोठी टोपली. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय दिला, असा दिला की उभ्या आयुष्यात कधी दिला नव्हता. टायर किंचाळले. आतली माणसं एकमेकांवर कोसळली, कुणाचा चष्मा फुटला, कुणाची पिशवी घरंगळत पुढच्या काचेपर्यंत आली. सायकल बसच्या नाकाशी आडवी झाली, टोपली फुटली आणि पाव रस्ताभर झाले. पाववाला बंपरखाली नडगी धरून विव्हळत होता. पाय मोडला होता, पण जीव शाबूत होता.

चौकशी झाली. बसमधल्या लोकांनी, बेकरीच्या मालकाने, समोरच्या दुकानातल्या न्हाव्याने, सगळ्यांनी एकच सांगितलं: ड्रायव्हरचा काही दोष नाही. तो बायकोला घेऊन इस्पितळात भेटायला गेला, तेव्हा पाववाला टांगलेल्या पायानिशी हसला.

"दादा, तुम्ही ब्रेक मारला नसतात तर मी आज खाटेवर नाही, भिंतीवर असतो. फ्रेममध्ये."

सगळे हसले. तोही हसला. गोष्ट तिथेच मिटायला हवी होती.

आठवड्याभराने तो कामावर गेला. तिसऱ्या की चौथ्या थांब्याजवळ फुटपाथवरच्या एका बाईने फट्कन छत्री उघडली, आणि त्याचा उजवा पाय ब्रेकवर आपटला. त्याने दाबला नाही. पाय आपणहून पडला. मागे आरडाओरडा झाला. त्याने आरशात बघून हात जोडले. पुढे एका झाडाची फांदी वाऱ्याने हलली, पुन्हा ब्रेक. एक माणूस पेपरच्या स्टॉलवर वाकला, पुन्हा ब्रेक. संध्याकाळपर्यंत एका आजोबांची जीभ चावली गेली होती आणि एका बाईचा जेवणाचा डबा शेजारणीच्या मांडीवर रिकामा झाला होता.

त्याला वाटलं, होईल कमी चार दिवसांत. कमी होईना. डेपोतल्या पोरांनी जुनं नाव काढून घेतलं आणि नवं दिलं: 'गचका'. "गचक्या, आज किती पाडले?" असं कुणी विचारलं की तो दात दाखवायचा. घरी आला की मात्र खुर्चीत बसून त्या पायाकडे बघत राहायचा, एखाद्या वाया गेलेल्या पोराकडे बघावं तसा.

बायको म्हणायची, "अहो, होतं असं. मी एकदा शिलाई मशिनची सुई बोटात घुसवून घेतली होती. महिनाभर मशिनकडे बघवत नव्हतं."

"तुझी मशिन रस्त्यावर चालत नाही," तो म्हणायचा आणि विषय बंद करायचा.

विषय बंद करायला दुसरंही कारण होतं, आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. बोटांत जादू होती. पण साठी ओलांडली आणि एक दिवस बोटं ऐकेनाशी झाली, चिमटा भलतीकडेच जायला लागला. मग चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग घराचा रस्ता, आणि शेवटी शेवटी तर स्वतःच्या मुलाला ते 'तुम्ही कोण?' म्हणून विचारायचे. सुरुवात हाताने झाली होती. याची पायाने झाली, एवढाच फरक, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

डेपोचे साहेब भले होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग म्हणाले, "तुझ्यासारखा ड्रायव्हर माझ्याकडे दुसरा नाही. पण माणसं पडतायत रे. काही दिवस रजा घे. पाय ताळ्यावर आला की ये, तुझी गाडी मी कुणाला द्यायचो नाही."

रजा घेतलेला ड्रायव्हर घरात म्हणजे कुठेच न जाणारा जिना. बायको दिवसभर कपडे शिवायची आणि हा खिडकीशी उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्या बस बघायचा. शेवटी तिनेच आपल्या धाकट्या भावाला गाठलं. तो समुद्री जीवांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत भांडारपाल होता. संस्था शहराच्या आतल्या भागात, टेकाडावर. प्रयोगाच्या टाक्यांसाठी लागणारं समुद्राचं स्वच्छ पाणी लांबच्या धक्क्यावरून टँकरने आणावं लागायचं. टँकरचा ड्रायव्हर गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी बसला होता.

"भाऊजी, या तुम्ही," मेहुणा म्हणाला. "पाणी आणायचं आणि ओतायचं. मागे माणूस नाही, काणूस नाही. पाण्याला पडून लागत नाही."

तो गेला. सकाळी धक्क्यावर जायचं, पंप लावून टाकी भरायची, टेकाडावर यायचं, पाइप जोडून मोठ्या हौदात पाणी सोडायचं. काम सोपं होतं. पाय मात्र तोच. फुटपाथवर काही हललं की ब्रेक, आणि ब्रेक लागला की मागचं सगळं पाणी पुढच्या पत्र्यावर धाडकन आदळायचं. पाण्याला लागत नव्हतं खरं, पण केबिनमध्ये बसलेल्याला दर वेळी कुणीतरी पाठीत गुद्दा घातल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्याच आठवड्यात एक मॅडम हौदापाशी येऊन उभ्या राहिल्या. वय असेल तिशी-पस्तिशीचं. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, चष्मा डोक्यावर आणि त्या तोच चष्मा खिशात शोधतायत.

"काका, तुम्ही पाणी आणता की घुसळून आणता?"

त्याने पाइप खाली ठेवला. "काय झालं मॅडम?"

"तळाचा सगळा गाळ वर येतोय. वर हा फेस. माझी जनावरं अंग आखडून बसतात, दोन दोन दिवस काम करता येत नाही. पहिल्या ड्रायव्हरच्या वेळी असं व्हायचं नाही."

रागावून बोलल्या असत्या तर त्याने 'चुकलं' म्हणून विषय मिटवला असता. पण त्यांनी खरंच कारण जाणून घ्यायचं म्हणून विचारलं होतं, आणि अनोळखी माणसाला सांगणं कधीकधी सोपं जातं. तो टँकरच्या पायरीवर टेकला आणि त्याने पाववाल्यापासून सगळं सांगितलं. छत्री, फांदी, आजोबांची जीभ. फक्त वडिलांचं तेवढं गिळलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाणी सोडून झालं की आत या. तुम्हाला कुणाला तरी भेटवते."

आतली खोली लांबट आणि थंडगार होती. टेबलांवर उथळ टाक्या, त्यांत नळ्यांमधून बुडबुडे, भिंतीशी पंपांची घुंई. पहिल्या टाकीत मुठीएवढा, तपकिरी-हिरवा, ठिपक्याठिपक्यांचा एक गोळा पडला होता. कुणी ओला मोजा पाण्यात विसरून गेलं असावं असा. मग मोज्याने डोकं वर काढलं. डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं होती.

"ही समुद्रातली गोगलगाय," मॅडम म्हणाल्या.

"आणि शंख?"

"गेला. म्हणजे आत एक पातळ पापुद्रा राहिलाय, पण अंगावर घ्यायला काही नाही."

"घरदार विकून बसलीय म्हणा की."

मॅडम हसल्या. त्यांनी एक मऊ ब्रश घेतला. त्या जनावराच्या पाठीवर दोन पाखांसारख्या पडद्यांच्या मधे पिसासारखा नाजूक कल्ला हलत होता. श्वास घ्यायचा तो तिथूनच. त्याच्या मागे पाणी बाहेर सोडायची छोटीशी नळी. मॅडमनी ब्रश त्या नळीला हलकेच टेकवला. चट्कन कल्ला आत गेला. थोड्या वेळाने हळूच बाहेर आला. पुन्हा ब्रश, पुन्हा कल्ला आत, पण आता थोडा कमी. असं पुन्हा पुन्हा केल्यावर तो जागच्या जागी नुसता थरथरला आणि तसाच राहिला.

"कंटाळली," तो म्हणाला.

"शिकली. या स्पर्शाने काही बिघडत नाही, हे शिकली. आता ही दुसरी बघा."

शेजारच्या टाकीत तशीच दुसरी होती. ब्रश टेकतो न टेकतो तोच तिने कल्ला, नळी, पडदे, सगळं एकदम आत ओढलं आणि आवळून बसली. बराच वेळ गेला तरी बाहेर येईना.

"हिला काय झालं?"

"हिच्या शेपटीला आम्ही आधी विजेचे हलके झटके दिलेत. थांबून थांबून. नळीला काही केलेलं नाही. पण आता कुठेही, काहीही लागलं तरी हिला झटकाच येतोय असं वाटतं."

तो टाकीवर वाकून बघत राहिला. एका ओल्या मोज्याची आपल्याला इतकी कणव यावी याची त्याला लाज वाटली.

"कशाला मॅडम, गरीब बिचारीला?"

"मलाही ते आवडत नाही. म्हणून कमीत कमी करते. पण आठवण अंगात नेमकी कुठे राहते, हे कळायला हिच्याइतकं सोपं कुणी नाही." त्यांनी एक स्टूल पुढे ओढलं. "बघा काका, निरोप इकडून तिकडे नेणाऱ्या पेशी आपल्या डोक्यात अब्जावधी असतात. हिच्या सगळ्या अंगात मिळून वीस हजारांच्या आसपास. त्यातल्या काही तर इतक्या मोठ्या, की नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात. त्यामुळे कोण कुणाला निरोप देतं हे आम्हाला एकेक करून शोधता आलं. नळीला काही लागलं की एक पेशी दुसरीला सांगते, 'ओढ गं.' उगाच पुन्हा पुन्हा लागत राहिलं की पहिली हळू आवाजात सांगायला लागते. शेपटीला झटका बसला की तीच पेशी ओरडून सांगते. आणि असे झटके अंतराअंतराने बसत गेले, तर त्या दोघींच्या मधे नवे सांधेच फुटतात. मग नुसत्या वाऱ्यालाही बोंब."

"म्हणजे आठवणींची वेगळी खोली नाही हिला?"

"नाही. ज्या वाटेने कल्ला ओढला जातो, त्याच वाटेत आठवणही. हिला आठवत बसावं लागत नाही. कल्ल्याचं काम आणि कल्ल्याची आठवण एकाच तारेत."

तो स्टुलावर बसला. मनातलं मोठं ओझं खाली ठेवायला जागा सापडावी तसं त्याला झालं.

"मग माझा पाय..."

"तुम्ही गोगलगाय नाही, आणि मी माणसांची डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या. "तुमची यंत्रणा हिच्यापेक्षा लाख पटींनी गुंतागुंतीची. पण एकदा जोराचा धक्का बसला की अंगाने पुढचा प्रत्येक स्पर्श मोठा करून ऐकायचा, ही खोड हिची नि आपली सारखीच दिसते. ही भित्री आहे असं म्हणाल का तुम्ही?"

"नाही."

"वेडी?"

त्यावर वडिलांचं जे गिळलं होतं ते बाहेर आलं. बोटं, चिमटा, 'तुम्ही कोण?', सगळं.

मॅडमनी त्याची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "याचं उत्तर माझ्या टाकीत नाही. मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. उद्याच. आणि एकटे जाऊ नका."

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती शर्टाला काज करत होती. तिची सुई थांबली.

"किती दिवस हे डोक्यात घेऊन फिरताय?"

"पाय पडायला लागल्यापासून."

"आणि मी इथे बाजूला बसून काय करत होते? बटणं लावत होते?" ती उठून आत गेली, नळ सोडून उगाच भांडी घासत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "सकाळी आंघोळ लवकर उरका," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी दोघांना बसवून घेतलं. त्याला हात समोर ताठ धरायला लावले, रेषेवर चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली, चित्रं दाखवून थोड्या वेळाने विचारली, उलटे आकडे म्हणवून घेतले. काही तपासण्यांसाठी पुन्हा बोलावलं. त्या मधल्या दिवसांत घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मग डॉक्टरांनी सगळे कागद टेबलावर पसरले आणि चष्मा काढला.

"वडिलांसारखं काही नाही. त्याची खूणही नाही. तुमची स्मरणशक्ती ठणठणीत आहे. उलट एक गोष्ट जरा जास्तच लक्षात राहिलीय, एवढीच तक्रार."

बायकोने त्याचा हात टेबलाखाली इतका घट्ट दाबला की त्याला 'आई गं' म्हणावंसं वाटलं. बाहेर आल्यावर ते इस्पितळाच्या पायऱ्यांवरच बसले. तिथे बसायची मनाई होती. रखवालदार जवळ आला, दोघांची तोंडं बघून परत गेला. तो आधी हसला, मग रडला, मग पुन्हा हसला. बायको म्हणाली, "एकदाच काय ते ठरवा, लोक बघतायत," आणि स्वतःच पदराने नाक पुसायला लागली.

डॉक्टरांनी उपायही सांगितला होता: ज्याची धास्ती आहे ते सुरक्षित ठिकाणी, हळूहळू, पुन्हा पुन्हा समोर येऊ द्या. संस्थेच्या मागे मोठं मोकळं आवार होतं. मेहुण्याने परवानगी काढली. बायकोने खडूने जमिनीवर जाड रेघ ओढली आणि भिंतीच्या कडेला सायकल घेऊन उभी राहिली. तो रिकामा टँकर माणसाच्या चालीने चालवत यायचा, ती सायकल ढकलत रेघेपर्यंत यायची, रेघेच्या पुढे नाही. ब्रेकची गरज नव्हती. आपटायचा तो पाय आपटायचाच.

"आयुष्यभर तुम्हाला आडवी जात आले," ती ओरडून म्हणायची, "आज फक्त सायकल घेऊन!"

पहिल्या दिवशी त्याने दम धरला नाही. सकाळपासून ऊन तापेपर्यंत तेच ते. शेवटी शेवटी पाय शांत झाला, ब्रेकवर नुसता टेकून राहिला. दोघं नाचत घरी आले. दुसऱ्या दिवशी टँकर रस्त्यावर काढला, पहिल्याच वळणावर कुणाचा तरी कोट फडफडला, आणि ये रे माझ्या मागल्या! पाणी धाडकन पाठीत.

तो तडक मॅडमकडे गेला. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"सगळं एका दमात उरकलंत? ते टिकत नाही, काका. या गोगलगायीलाही एका बैठकीत शंभर वेळा ब्रश लावला तरी उद्या ती विसरते. थोडं करायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. मग दोन दिवसांनी पुन्हा. मधल्या विसाव्यात अंग आपलं काम करत असतं. पक्कं व्हायला वेळ लागतो."

मग तसं सुरू झालं. थोडं करून विसावा, विसाव्यात थर्मासमधला चहा. एके दिवशी बायको पाव आणायला गेली असताना तिने ही हकीकत बेकरीत सांगितली. दुसऱ्या खेपेला आवाराच्या फाटकातून नवी कोरी सायकल आत आली आणि वर, किंचित लंगडत उतरणारा, पाववाला!

"वहिनी, तुम्ही बाजूला व्हा," तो म्हणाला. "तुम्हाला नीट आडवं येता येत नाही. मी एकदा खराखुरा आलोय, आता लुटुपुटूचा येतो."

त्या दिवशी ड्रायव्हरचा पाय पहिल्यासारखा आपटला, पाववाला रेघेपासून हातभर अलीकडेच थांबला होता तरी. पाववाल्याने सायकलवरूनच हात हलवला. "मी इथेच आहे हो! धडधाकट!" पुन्हा. "इथेच आहे!" पुन्हा. पुढच्या आठवड्यांत तो आपली सकाळची पावांची फेरी आटोपून यायचा, टोपली मागे तशीच. हळूहळू पायाचा आवाज कमी झाला, मग उचल कमी झाली. मग एकदा पाववाला रेघेवर येऊन उभा राहिला आणि टँकर आपल्या चालीने त्याच्यासमोरून निघून गेला, पाय जागचा हलला नाही. पुढे जाऊन ड्रायव्हरने गाडी थांबवली, खाली उतरला, आणि मोडून जोडलेल्या पायाच्या त्या माणसाला मिठी मारली.

पण त्याचं मन सुखाने राहील तर शपथ. आता वेगळाच घोर लागला. पाय इतका थंड झाला, तर उद्या खरंच कुणी आडवं आलं तर? आपण त्याचं विष काढता काढता दातही काढून टाकले तर?

मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी त्याला पहिल्या टाकीपाशी नेलं. ब्रशने नळीला पुन्हा पुन्हा स्पर्श केला, जनावर ढिम्म. मग चिमट्याने शेपटी जरा जोरात दाबली आणि लगेच नळीला ब्रश लावला. कल्ला क्षणात सगळाच्या सगळा आत.

"दिसलं? वाट बुजलेली नाही. फक्त उगाच ओरडणं थांबलंय. खरंच काही झालं की निरोप जातो."

"आणि तिकडची? झटकेवाली?"

"तिला आता कुणी त्रास देत नाही. तुम्हीच लावून बघा ब्रश."

त्याने हात पुसले, ब्रश घेतला आणि श्वास रोखून टेकवला. तिने कल्ला ओढला, पण अर्धाच, आणि लगेच बाहेर सोडला. तो रोज जाता-येता तिला बघून जायला लागला. डेपोतल्या लोकांना कळलं असतं तर तिसरं नाव पडलं असतं.

मॅडमचं बोलणं खरं होतं हे त्याला रस्त्यावरच कळलं. भरलेला टँकर घेऊन तो टेकाडाखालच्या रस्त्याने येत होता. फुटपाथवर पोती हलत होती, माणसं वाकत होती, छत्र्या उघडत होत्या, आणि पाय गप्प होता. तेवढ्यात पट्टा सुटलेलं एक कुत्रं रस्त्यात आलं. पाय ब्रेकवर गेला. आपटला नाही, गेला, आणि दाबत दाबत दाबला. टँकर थांबला तेव्हा कुत्र्यामागून त्याची मालकीण इकडेतिकडे न बघता धावत आली आणि थेट टँकरसमोरून पलीकडे गेली. तिला काही कळलंच नाही. मागे पाण्याने पत्र्याला एकच थाप दिली, हलकीच. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली तरी तो काही वेळ तसाच बसून राहिला. छातीवरून कुणीतरी जातं उचलून घेतलं होतं.

टँकरचा जुना ड्रायव्हर गुडघा घेऊन परत आला तेव्हा याने मॅडमचा निरोप घेतला. झटकेवालीच्या टाकीत फिकट पिवळ्या दोऱ्याचा गुंता पडला होता, लोकरीचा गुंडा सुटल्यासारखा.

"अंडी," मॅडम म्हणाल्या.

"मग ही जे शिकली ते त्या पिलांना आयतं मिळणार?"

"नाही हो. त्यांना आपापलं शिकावं लागणार."

"बरंच झालं," तो म्हणाला. "झटके तरी वारसाहक्काने नकोत."

डेपोच्या साहेबांनी परीक्षा घ्यायची ठरवली. रिकाम्या बसमध्ये ते मधोमध उभे राहिले, एका हातात काठोकाठ भरलेला चहाचा पेला, दुसरा हात खिशात. "चल, बेकरीच्या रस्त्याने." सगळे कंडक्टर फाटकाशी जमले होते, कुणी साहेबांच्या शर्टाकडे बघत होतं, कुणी चहा सांडेल का यावर पैज लावत होतं. बस गेली आणि आली. साहेब खाली उतरले, सगळ्यांसमोर पेला तोंडाला लावला, आणि म्हणाले, "गार झाला रे. बाकी तक्रार नाही."

दुसऱ्या दिवशी तो आपल्या जुन्या फेरीवर गेला. सकाळची गर्दी, शाळेची गर्दी, दुपारचा शुकशुकाट, संध्याकाळची गर्दी. परत आला तेव्हा बायको दारातच उभी होती, गळ्यात मापाची पट्टी तशीच.

"काय झालं?"

"काही नाही."

"म्हणजे? काहीच नाही?"

"काहीच नाही," तो म्हणाला, आणि बूट काढून, पाय पसरून, ते काही-नाही तिला पहिल्या थांब्यापासून सांगायला बसला. थांब्यावर कोण चढलं, कुणाची पिशवी कुठे अडकली, कोणत्या सिग्नलला मागच्या बाकावरचा गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपला होता आणि शेवटच्या थांब्यावर त्याला हलवून उठवावं लागलं. ती मशिनवर बसली, पण पायडलवर पाय ठेवलाच नाही. ऐकत राहिली.